जंगलातला मुक्काम कुठं करायचा?



'सफारी' हा शब्द तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. पण तो आपल्या 'सफर'चा सख्खा भाऊ आहे, हे ठाऊक होतं का? दोन्ही शब्दांचं मूळ अरबी भाषेत. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे नुसता प्रवास. मग त्यात सिंह दिसो की न दिसो!

प्रवास म्हटला की मुक्काम आलाच. आफ्रिकेच्या जंगलात पक्क्या बांधणीची ती लॉज आणि तंबूंचा तो कॅम्प. जाहिरातीत दोन्हींचे फोटो झकास असतात. पोहायचा तलाव, गुबगुबीत गादी, पांढरीशुभ्र मच्छरदाणी. पण गादी आणि तलाव तर कुठल्याही शहरात मिळतात. त्यासाठी एवढा समुद्र ओलांडायचा कशाला? म्हणून फोटो बाजूला ठेवा आणि चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : पाणी कुठं आहे?

नामिबिया देशात इटोशा नावाचं अभयारण्य आहे. अगदी कोरडा मुलूख. तिथल्या ओकाउकुएजो कॅम्पला लागूनच एक पाणवठा आहे आणि रात्री त्यावर दिवे लावलेले असतात. आपण दगडी भिंतीच्या अलीकडे बाकावर गप्प बसायचं. हत्ती येतात, जिराफ येतात आणि दुर्मीळ असा काळा गेंडासुद्धा येतो. गाडी नको, धावपळ नको. तहान प्राण्यांना आपणहून घेऊन येते.

ही युक्ती जुनीच आहे. केनियात न्येरी गावाजवळ १९३२ साली एका प्रचंड झाडावर 'ट्रीटॉप्स' नावाचं छोटंसं हॉटेल बांधलं गेलं. हॉटेल कसलं, मोठी मचाणच ती! खाली पाणवठा. फेब्रुवारी १९५२ मध्ये इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ तिथं एक रात्र राहिली. त्याच रात्री तिकडे इंग्लंडात तिचे वडील, राजे सहावे जॉर्ज वारले. म्हणजे प्राणी बघता बघता ती राणी झाली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता! त्या रात्री तिथं आणखी कोण होतं सांगू? कुमाऊंच्या नरभक्षक वाघांच्या गोष्टी लिहिणारे जिम कॉर्बेट. भारत सोडल्यावर ते न्येरीलाच राहत होते. ते मूळ हॉटेल १९५४ साली जाळलं गेलं आणि १९५७ मध्ये नवं बांधलं गेलं.

दुसरा प्रश्न : कुंपण आहे का?

दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर अभयारण्य सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचं आहे. तिथल्या स्कुकुझा, सतारा अशा मोठ्या सरकारी कॅम्पांना कुंपण असतं. संध्याकाळी ठरल्या वेळी फाटक बंद. तोवर आत पोचायलाच हवं. गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या, बाहेर चूल. आपली गाडी, आपला शिधा. त्यामुळे खर्चही आवाक्यातला. गंमत बघा, इथं प्राणी मोकळे आणि माणसं पिंजऱ्यात!

याउलट केनियातल्या मसाई माराच्या बऱ्याच कॅम्पांना कुंपणच नसतं. दिवसभर नदीत डुंबणारे पाणघोडे रात्री गवत खायला बाहेर पडतात. कधी अगदी तंबूच्या कनातीशी त्यांचं चरणं ऐकू येतं. म्हणून अंधार पडल्यावर जेवायला जायचं तरी पहारेकरी सोबत लागतो. 'मी आलो एकटाच' असा शहाणपणा तिथं चालत नाही. म्हणूनच काही कॅम्प लहान मुलांना घेत नाहीत आणि पायी सफारीला साधारण बारा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी नेतच नाहीत. पालकांनो, हे पैसे भरण्याआधी विचारा. आणि हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांनाही विचारा बरं का.

तिसरा प्रश्न : महिना कोणता?

दहा लाखांहून अधिक नू, म्हणजे वाइल्डबीस्ट, मारा नदीकाठी येतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबरात. मार्चमध्ये गेलात तर नदी दिसेल, पण ती झुंबड नाही दिसणार. बोट्स्वानातल्या ओकावांगोची तऱ्हा आणखी निराळी. पाऊस पडतो दूर अंगोलाच्या डोंगरांत. ते पाणी रमतगमत काही महिन्यांनी इथं पोचतं. म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत इथं पूर! ही नदी समुद्राला मिळतच नाही, वाळवंटाच्या वाळूत पसरते आणि जिरून जाते. तिथल्या कित्येक कॅम्पांना छोट्या विमानानं जावं लागतं. सामान थोडंच आणि तेही मऊ पिशवीत.

झांबियातल्या मफुवे लॉजमध्ये मात्र नोव्हेंबरच्या सुमारास जावं. आवारात रानआंब्याचं झाड आहे. आंबे पिकले की हत्तींचं कुटुंब पायऱ्या चढून थेट स्वागतकक्षातून पलीकडे जातं! पाहुणे नि नोकर बाजूला उभे. हत्तींची वाट जुनी, माणसांचं घर नवं. मग अडवणार कोण?

चौथा प्रश्न : जमीन कोणाची?

हा प्रश्न जाहिरातीत नसतो, पण सगळ्यांत मोठा आहे. मसाई माराच्या आसपासची पुष्कळ जमीन मसाई गुराख्यांच्या मालकीची आहे. त्यांनी तारेची कुंपणं घातली, तर नू आणि झेब्रे जाणार कुठून? आणि कुंपण घालू नका म्हणावं, तर त्यांच्या मुलांची फी कोण भरणार? यावर तोड निघाली. शेजारी शेजारी जमीनमालक एकत्र आले. त्यांनी जमीन कॅम्पांना भाड्यानं दिली आणि तंबू मोजकेच ठेवायचे असं ठरलं. भाडं घरात येतं, प्राण्यांची वाटही मोकळी राहते. पण २०२० साली करोनामुळे पाहुणे थांबले, तेव्हा ही कमाई किती नाजूक आहे तेही कळलं. म्हणून कॅम्प निवडताना विचारावं : तिथं कामाला गावातली माणसं आहेत का? जमिनीचं भाडं कुणाला मिळतं? या उत्तरावर पुढच्या वर्षी तिथं सिंह असेल की नाही, हे थोडंफार ठरतं.

आता गृहपाठ. एका घरात आजी, आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी आहे. सुट्टी ऑगस्टमध्ये. पैसे बेताचे. आजींना रात्री दोनदा उठावं लागतं. वरच्यापैकी कुठला मुक्काम त्यांना सुचवाल? आफ्रिकेचा नकाशा पुढ्यात घ्या, जागा शोधा आणि कारणं आईबाबांना पटवून द्या. नुसतं नाव सांगितलं तर अर्धेच गुण!