रक्तपिपासू काउंट आणि मानवतचे गुप्तधन

मानवतच्या हत्याकांडावर २०२४ साली मालिका निघाली आणि परभणी जिल्ह्यातील हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव पुन्हा एकदा ‘भयकथा’ या सदरात जमा झाले. भय विकणाऱ्यांचा हा धंदा जुनाच आहे. १९२२ साली बर्लिनमध्ये मूर्नाऊचा ‘नोस्फेरातू’ हा मूकपट झळकला. ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने न्यायालयातून त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळविला, तरी त्यातला काउंट ऑर्लॉक काही मेला नाही. चित्रपट म्हणून तो थोर आहे, यात वाद नाही. भिंतीवरून जिना चढत जाणारी ती सावली पाहणारा सहसा विसरत नाही.

पण त्या कथेची मांडणी पाहावी. अनर्थ कोठून येतो? दूरच्या डोंगरातल्या किल्ल्यातून. जहाजात मातीने भरलेल्या पेट्या येतात, पेट्यांतून उंदीर निघतात आणि गावात प्लेग पसरतो. गावकरी निष्पाप! पिशाच्चाला घर मिळवून देणारा दलाल गावातलाच असतो, हे मात्र प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाही. आणि उपाय कोणता? निर्मळ मनाच्या स्त्रीने स्वेच्छेने आपले रक्त द्यावे आणि कोंबडा आरवेपर्यंत त्याला गुंतवून ठेवावे.

स्त्रीच्या रक्ताने अरिष्ट टळते, ही समजूत ट्रान्सिल्व्हानियाची मक्तेदारी नव्हे. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मानवतमध्ये दहा जीव घेतले गेले, ते सर्व स्त्रिया आणि मुली. त्यांत एक तान्ही मुलगीही होती. गुप्तधन हाती लागावे आणि मूल व्हावे, यासाठी हे बळी दिले गेले, असा सरकार पक्षाचा आरोप होता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने काहींना सोडले, काहींची शिक्षा कायम केली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो निकाल माफीच्या साक्षीदाराच्या पुराव्यासाठी ठाऊक असतो. मेलेल्या मुलींसाठी नव्हे.

तो काळ दुष्काळाचा होता. मराठवाड्यातली माणसे खडी फोडून पोट भरत होती आणि त्याच प्रदेशात जमिनीखालच्या धनाचे हिशेब मांडले जात होते. येथे कोणी परका काउंट आला नव्हता. येथे होती संपत्तीची हाव, वांझपणाचा कलंक आणि गरिबाच्या लेकीचा जीव स्वस्त मानणारी समाजरचना. हे सारे गाळून केवळ मंत्र, पिंपळ आणि काळोख दाखवला की, प्रेक्षक शहारतो व निश्चिंत झोपी जातो. आपण त्या गावचे नव्हेत, ही त्याची खात्री असते.

नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा होण्यास २०१३ साल उजाडावे लागले, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट रोजी पुण्यात खून झाल्यावर! जिवंतपणी त्यांची मागणी वर्षानुवर्षे टोलवणाऱ्यांनी चार दिवसांत अध्यादेश काढला. त्या कायद्यात पोलीस ठाण्यांसाठी दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. आपल्या ठाण्यात तो अधिकारी कोण, त्याच्याकडे आजवर किती तक्रारी आल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, हे प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी जाऊन विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.