शिष्टाईचा बाजार आणि शब्दाची पत

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक म्हणजे जगाच्या भवितव्याचा निवाडा, असा एक समज गेल्या अर्धशतकात रूढ होऊन बसला आहे. तेथील उमेदवार व्यासपीठावर उभे राहून एखाद्या शत्रुराष्ट्राविषयी बोलू लागले की जगभरचे पंडित त्यातून परराष्ट्रनीतीचे सिद्धान्त शोधू लागतात. वस्तुतः ते बोलणे ओहायो आणि फ्लोरिडातील मतदारासाठी असते. त्याची किंमत मात्र दूरदेशीची राष्ट्रे मोजतात. २००८ साली बराक ओबामा आणि जॉन मॅकेन यांच्यात इराणवरून झडलेला वाद हा याचाच वस्तुपाठ आहे.

वादाची ठिणगी पडली ती २३ जुलै २००७ रोजी, चार्ल्सटन येथील डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या चर्चासभेत. इराण, सीरिया, व्हेनेझुएला, क्यूबा आणि उत्तर कोरिया यांच्या नेत्यांना कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी, कोणतीही पूर्वअट न घालता भेटाल काय, या प्रश्नाला ओबामांनी होकार दिला. हा भाबडेपणा आहे, बेजबाबदारपणा आहे, असा प्रहार सर्वप्रथम केला तो त्यांच्याच पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांनी. रिपब्लिकनांना मग आयतेच कोलीत मिळाले. इस्रायलच्या स्थापनेला साठ वर्षे झाली त्यानिमित्ताने १५ मे २००८ रोजी तेथील संसदेत बोलताना जॉर्ज बुश यांनी हिटलरशी बोलता आले असते तर, म्हणून हळहळणाऱ्या एका जुन्या अमेरिकन सिनेटरची आठवण काढली आणि दहशतवाद्यांशी बोलणी करू पाहणाऱ्यांवर तुष्टीकरणाचा शिक्का मारला. नाव कोणाचेच घेतले नव्हते. पण बाण कोणावर सुटला हे सांगण्याची गरजही नव्हती.

आता या कणखरपणाची दुसरी बाजू पाहावी. या भाषणाला जेमतेम दोन महिने होतात न होतात तोच, १९ जुलै २००८ रोजी, याच बुश प्रशासनाने विल्यम बर्न्स या वरिष्ठ अधिकाऱ्याला जिनिव्हात इराणी प्रतिनिधीसमोर बसविले. व्यासपीठावर जे तुष्टीकरण, तेच कचेरीत मुत्सद्देगिरी! मॅकेन यांची कथा याहून निराळी नाही. २००७च्या एप्रिलमध्ये इराणवर बॉम्ब टाकण्याचे विडंबनगीत जाहीर सभेत गुणगुणणाऱ्या या वृद्ध योद्ध्याने २६ सप्टेंबर २००८च्या ऑक्सफर्ड, मिसिसिपी येथील वादसभेत ओबामांची यथेच्छ टर उडविली. अहमदीनेजाद समोर बसून इस्रायलला नकाशावरून पुसण्याची भाषा करणार आणि आपण केवळ ‘नाही हं’ म्हणणार काय, हा त्यांचा सवाल होता. ओबामांनी हेन्री किसिंजर यांची साक्ष काढली. किसिंजर यांनी लगेच खुलासा केला की अध्यक्षांच्या पातळीवर अशी भेट व्हावी असे आपले मत नाही. खालच्या पातळीवर बोलणी करण्यास मात्र त्यांचाही विरोध नव्हता. म्हणजे दोन्ही गटांतले खरे अंतर खुर्चीच्या उंचीपुरते होते. रणधुमाळी मात्र धर्मयुद्धाची!

ओबामा आपल्या बाजूने केनेडी-ख्रुश्चेव्ह आणि निक्सन-माओ भेटींचे दाखले देत असत. त्यातील दुसरा दाखला भारताने तरी विसरता कामा नये. जुलै १९७१ मध्ये किसिंजर गुप्तपणे पेकिंगला गेले ते पाकिस्तानातून, याह्याखानांच्या सौजन्याने. त्याच वेळी याह्याखानांचे सैन्य पूर्व बंगालात रक्ताचे पाट वाहवीत होते आणि सुमारे एक कोटी निर्वासित भारताच्या सीमा ओलांडून येत होते. वॉशिंग्टनने दूताची वाट मोकळी राहावी म्हणून त्या आक्रोशाकडे पाठ फिरविली. ज्या भेटीचा गौरव संवादाचा विजय म्हणून केला जातो, तिचे मोल बंगालच्या जनतेने आपल्या रक्ताने चुकते केले.

याचा अर्थ शत्रूशी बोलूच नये, असा होतो काय? मुळीच नाही. बोलावे की लढावे, हा प्रश्नच चुकीचा आहे. साम, दाम, दंड आणि भेद हे चार उपाय आपल्या नीतिशास्त्राने एकत्र सांगितले, ते एकाच राजाच्या हाती असावेत म्हणून. एक उपाय एका पक्षाने आणि दुसरा दुसऱ्या पक्षाने वाटून घ्यावा म्हणून नव्हे. श्रीकृष्ण शिष्टाईला हस्तिनापुरास गेला तेव्हा मागणे पाच गावांइतके अल्प होते, आणि पाठीशी पांडवांची सिद्धता होती. शिष्टाई फसली, तरी पांडवांची बाजू उणी झाली नाही. जगासमोर दुर्योधन उघडा पडला. आणि दूत गेला तो पांडवांचा शब्द घेऊन, जो उद्या नकुलाने फिरवावा असा नव्हता.

अमेरिकेचे नेमके येथेच अडते. ओबामा निवडून आले. पहिल्या वर्षीची ती भेट कधीच झाली नाही; आठ वर्षांत ते एकाही इराणी अध्यक्षाला समोरासमोर भेटले नाहीत. सप्टेंबर २०१३ मध्ये रूहानी यांच्याशी दूरध्वनीवर बोलणे झाले, तेवढेच. दरम्यान इराणही काही साधुसंत नव्हता. १९७९ साली अमेरिकन वकिलातीवर झडप घालून ५२ जणांना ४४४ दिवस ओलीस ठेवणारी, हिजबुल्लाला पोसणारी आणि फोर्दोचा डोंगराखालचा प्रकल्प २००९पर्यंत जगापासून लपविणारी ही राजवट होती. तिला कोंडीत पकडून १४ जुलै २०१५ रोजी व्हिएन्नात करार झाला. युरेनियमचे समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोंवर आणण्याचे इराणने मान्य केले.

परंतु या कराराची शाई वाळण्याची वाट पाहण्याचेही सौजन्य वॉशिंग्टनने दाखविले नाही. करार होण्यापूर्वीच, मार्च २०१५ मध्ये, ४७ रिपब्लिकन सिनेटरांनी इराणी नेत्यांना खुले पत्र लिहून पुढचा अध्यक्ष तो लेखणीच्या एका फटकाऱ्याने मोडू शकेल, असे बजावले. त्यावर मॅकेन यांचीही स्वाक्षरी होती. ८ मे २०१८ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी ती भविष्यवाणी खरी केली. फळ काय मिळाले? एप्रिल २०२१ मध्ये इराणने ६० टक्क्यांपर्यंत समृद्धीकरण सुरू केले. २०२५ साली पुन्हा बोलणी झाली. मस्कतमधील नियोजित फेरीला दोन दिवस असताना, १३ जूनला इस्रायलने हल्ला चढविला आणि २२ जूनला अमेरिकेचे बॉम्ब फोर्दो, नतान्झ व इस्फहानवर पडले. धमकी देणाऱ्यांना इराण नमला नाही. बोलणाऱ्यांना दिलेला शब्द पाळता आला नाही.

आणि या खेळात भारताच्या पदरी काय पडले? नागरी अणुकराराचे आमिष समोर असताना भारताने सप्टेंबर २००५ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत इराणविरुद्ध मत दिले. दुसऱ्या मतदानापूर्वी तर दिल्लीतील अमेरिकन राजदूताने, असे मत न दिल्यास अमेरिकन काँग्रेसमध्ये करार मरेल, हे जाहीरपणे ऐकविले होते. पुढे इराण हा भारताचा तिसऱ्या क्रमांकाचा तेलपुरवठादार असताना, मे २०१९ मध्ये वॉशिंग्टनने सवलत काढून घेतली आणि भारताला ते तेल बंद करावे लागले. यातील एकाही निर्णयासाठी तेहरानचे दिल्लीशी वैर नव्हते. वैर दुसऱ्याचे, निवडणूक दुसऱ्याची आणि इंधनाचा भुर्दंड भारतीय जनतेचा!

तेव्हा तेथील अमुक उमेदवार शांततावादी आणि तमुक युद्धखोर, अशी प्रमाणपत्रे वाटण्याचा उद्योग भारतीय विचारवंतांनी आता पुरे करावा. चार वर्षांनी बदलणाऱ्या जिभेवर कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्राने आपली ऊर्जा, आपला व्यापार आणि आपली सुरक्षा टांगून ठेवू नये. शत्रूशी बोलण्याचे धैर्य हवे, त्याला रोखण्याचे सामर्थ्य हवे. पण या दोहोंपेक्षा दुर्मीळ गोष्ट म्हणजे सत्तांतरानंतरही टिकणारा शब्द. तो ज्याच्यापाशी नाही, त्याची शिष्टाई बाजारातली बोली ठरते आणि त्याची धमकी पोकळ गर्जना. जगाला शहाणपण शिकविणाऱ्या महासत्तेपाशी तो नाही. भारताने तो आपल्यापाशी जपावा, आणि दुसऱ्याच्या शब्दावर विसंबताना त्याची पत आधी पारखून घ्यावी.