श्रीमंतीला हसण्याची ऐपत

लग्नसराईच्या दिवसांत सायंकाळी सक्करदरा चौकात घटकाभर उभे राहावे. उमरेड मार्गाने वरात निघालेली असते. घोड्यावर नवरदेव, पुढे बँड, दोन्ही अंगांना दिव्यांची झुंबरे डोक्यावर घेऊन चालणारी माणसे, मागे मोटारींची रांग, आणि या साऱ्यावर घिरट्या घालणारा छायाचित्रणाचा ड्रोन. बाजाराचा बुधवार असला तर भाजीची पिशवी सावरीत वाट मोकळी होण्याची प्रतीक्षा करणारे शिक्षक आणि कारकूनही तेथेच सापडतात. त्यांच्या मुद्रेवर कौतुक दिसते, थोडा हेवा दिसतो, वाहतूक खोळंबल्याची चीडही दिसते. हसू मात्र कोणाच्याच ओठांवर नसते. ज्याच्या डोक्यावर झुंबर आहे त्याच्या पायात धड चप्पल नाही, आणि ज्याच्या फेट्यावर शिरपेच आहे तो घोड्याला भिऊन खोगीर घट्ट धरून बसला आहे. हा देखावा डोळ्यांसमोरून जातो आणि कोणी हसत नाही. मराठी कादंबरीनेही श्रीमंतांच्या बाबतीत बहुधा हेच केले आहे.

सिंगापुरात जन्मलेल्या केविन क्वान यांची ‘क्रेझी रिच एशियन्स’ ही इंग्रजी कादंबरी २०१३ साली प्रसिद्ध झाली आणि २०१८ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. कथानकात अपूर्व असे काही नाही. न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्र शिकविणारी रेचेल आपल्या प्रियकरासह त्याच्या मित्राच्या लग्नासाठी सिंगापूरला जाते, आणि आपला साधासुधा निक अफाट संपत्तीच्या घराण्याचा वारस आहे हे तिला तेथे गेल्यावर कळते. पुढे आई, आजी आणि सारा गोतावळा मिळून या मास्तरीणबाईंना बाहेर कसे काढावे याच्या खटपटीला लागतात. कादंबरीची गंमत आहे ती तपशिलात. आरंभीच्या प्रकरणात १९८६ सालचे लंडन आहे. भर पावसात हे कुटुंब भुयारी रेल्वेच्या स्थानकापासून हॉटेलपर्यंत पायी आले आहे. कारण एवढ्याशा अंतरासाठी टॅक्सी करणे हे निकच्या आत्याबाईंच्या मते पाप. हॉटेलचा गोरा व्यवस्थापक त्यांना खोली नाकारतो, तेव्हा त्याच आत्याबाईंचे यजमान ते हॉटेलच विकत घेतात. टॅक्सीचे पैसे वाचविणारा आणि हॉटेल विकत घेणारा हात एकाच घरातला आहे, हे ज्याने ते घर आतून पाहिले त्यालाच सुचावे. क्वान स्वतः तशाच एका जुन्या घराण्यातले आहेत.

मराठीत ही वाट नव्हतीच असे मात्र नाही. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. त्यातील भुजंगनाथ हा म्हातारा धनिक, त्याच्या पैशावर डोळा ठेवून पोटच्या मुलीचा सौदा करणारा कांचनभट आणि मध्यस्थी करणारा भद्रेश्वर दीक्षित ही मंडळी पैसा आणि विवाह यांच्या साटेलोट्याचा असा उपहास करतात की त्याला आजही तोड नाही. वधूवर सगोत्र निघाल्याने तो विवाह मोडतो आणि शारदा तरुण कोदंडाची होते, म्हणजे प्रेमकथाही पुरी होते. १९३३ च्या ‘साष्टांग नमस्कार’मध्ये आचार्य अत्र्यांनी सूर्यनमस्काराने झपाटलेल्या रावबहादुरांचे सुखवस्तू घर उभे केले. पु. ल. देशपांड्यांच्या ‘तुझे आहे तुजपाशी’ने १९५७ साली इंदूरच्या वाड्यातले काकाजी दाखविले, आणि रसिक खुशालचेंडूपेक्षा त्यागाची ऐट मिरविणारे आचार्यच अधिक हास्यास्पद ठरविले.

ही तिन्ही नाटके आहेत. कादंबरीकडे वळले की चित्र पालटते. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांत बंगले आले, मोटारी आल्या, टेनिस आले; त्यांच्या एका कादंबरीचे नावच ‘दौलत’ (१९२९) आहे. पण त्या वैभवाकडे पाहण्याची दृष्टी भाविकाची आहे. दिवाणखान्यात पाऊल टाकताना लेखक जणू वहाणा बाहेर काढून ठेवतो. पुढच्या पिढ्यांनी धनिकाला खलनायक केले, तेही समजण्यासारखे होते. मात्र भाविकाला हसू येत नाही, तसे संतापलेल्यालाही येत नाही.

विनोदाचा सारा रोख राहिला तो स्वतःच्याच वर्गावर. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर मूळचे या नागपुरातले, जन्म १८७१ चा. नाटकांत त्यांनी राजघराण्यांतली प्रणयप्रकरणे रंगविली, पण हशा खरा पिकला तो ‘सुदाम्याचे पोहे’मधील बंडूनाना आणि पांडूतात्यांवर. त्यांचे शिष्य गडकरी. १९१९ साली येथून जवळच सावनेरला त्यांचा अंत झाला. ‘बाळकराम’ या नावाने त्यांनी ठकीच्या लग्नाची जी मोहीम लिहिली, तिच्यातील वधूपक्ष साधासुधाच आहे. चिं. वि. जोशी तर बडोदे संस्थानच्या दप्तरखान्यात होते. संस्थानी कारभार त्यांच्या डोळ्यांखालून गेला असणार; तरीही मराठी वाचकाच्या घरी कायमचा राहावयास आला तो कारकून चिमणराव.

असे का झाले, याचे एक उत्तर सक्करदऱ्याच्याच इतिहासात आहे. हा परिसर भोसल्यांचा. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात निवर्तले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. वाड्यातील सामान हलविले तर वाड्याला आग लावीन, असे वृद्ध बाकाबाईंनी बजावले; सामान हलविले गेलेच. ज्या शहराने आपल्या राजवैभवाचे शेवटचे दर्शन लिलावाच्या चौथऱ्यावर घेतले, त्याला त्या वैभवाचा विनोद कसा सुचावा? १९०८ साली याच घराण्यातील रघुजीरावांनी ताजुद्दीनबाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सक्करदऱ्याच्या राजवाड्यात आणले आणि त्यांच्या दर्शनाला लोटलेल्या गोरगरिबांना राजवाड्याचे आवार मोकळे झाले. त्यांनाही आत जे दिसले ते भक्तीच्या डोळ्यांनी. वाडा आणि मराठी लेखणी यांचे नाते पुढेही शोकाचेच राहिले. महेश एलकुंचवारांचे १९८५ चे ‘वाडा चिरेबंदी’ ही त्याची उत्कृष्ट खूण.

पण आजची श्रीमंती वाड्यातली नाही. ती जमिनीच्या व्यवहारांतून, कंत्राटांतून, शिक्षणसंस्थांतून आली आहे आणि तिच्यासाठी कोणाला रडू येत नाही. तिचा सोहळा शहराच्या कडेच्या लॉनवर होतो. तिची नक्कल मात्र दोन खोल्यांच्या घरात होते, आणि तेथे हा विषय केवळ वाङ्मयाचा राहत नाही. लग्नकार्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याची मुभा कर्मचाऱ्याला असते. पंचवीस वर्षे पै पै करून साठविलेली ती रक्कम आज फुलांच्या कमानीवर आणि विवाहपूर्व छायाचित्रणावर जाते. काटकसरीची व्याख्याने अशा वेळी निरुपयोगी ठरतात, कारण बापालाही सारे कळत असते. त्याला भीती असते ती लोक हसतील याची. त्याचे लग्न साधे झाले तर लोक हसतात आणि लॉनवरच्या लग्नाकडे आ वासून पाहतात. हसण्याची दिशाच चुकलेली आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. क्वान यांच्या कादंबरीवरही असेच म्हटले गेले की, उपहासाच्या मिषाने ती दागिन्यांची आणि महागड्या पोशाखांची जाहिरातच करते. चित्रपटात तर हे अधिकच जाणवते. लग्नाच्या प्रसंगी प्रेक्षक हसायचे विसरून दिपून जातो. हा धोका मराठीतही राहणारच. तो टाळण्याचा उपाय जेन ऑस्टिनने दोनशे वर्षांपूर्वी दाखविला आहे. १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये डार्सी सभागृहात शिरून पाच मिनिटे होत नाहीत तोच त्याचे उत्पन्न वर्षाला दहा हजार पौंड असल्याची कुजबुज सर्वत्र पसरते. त्याच्या वस्त्रांच्या वर्णनात ती फारशी शिरत नाही, आकडा सांगते आणि त्या आकड्यामुळे इतरांचे चेहरे कसे बदलतात ते दाखविते. ऑस्टिन उमरावाची कन्या नव्हती, खेड्यातल्या धर्मोपदेशकाची होती.

म्हणून अशा कादंबरीसाठी मराठीने धनिकाघरी लेखक जन्मण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. बंगल्यावर शिकवणीला जाणाऱ्या शिक्षकाला त्या घरचे पोर कशाला भिते हे ठाऊक असते. सुटीत लॉनवर वाढपी म्हणून उभा राहणारा विद्यार्थी कोणती विहीणबाई कोणाकडे पाठ करून बसली ते पाहतो. करसल्लागाराच्या कचेरीतल्या कारकुनाला तर वरातीतली कोणती मोटार हप्त्यावर आहे, कोणती मेहुण्याची मागून आणलेली आहे आणि मांडववाल्याचे मागच्या लग्नाचे किती येणे अजून थकलेले आहे, हे रुपये-पैशांत माहीत असते. चौकात पिशवी घेऊन तोच उभा आहे. घोडा तासाच्या भाड्याचा आहे आणि तास केव्हाच उलटून गेला आहे, हेही त्याच्या ध्यानात आले आहे.