डायव्हिंगचा सेट: परदेशातून मागवायचा की इथूनच घ्यायचा?



गेल्या सभेत डायव्हिंग सेटचा विषय निघाला आणि वेळेअभावी अर्धवट राहिला. तेव्हापासून ग्रुपवर रोज एक फोटो येतोय. कुणी परदेशी वेबसाइटवरचा भाव टाकतंय, कुणी म्हणतंय माझा भाचा दुबईला आहे, सुट्टीला येताना बॅगेत घालून आणेल, निम्म्या पैशात काम होईल. सेक्रेटरी या नात्यानं माझं मत इथं लिहितो. पटलं नाही तर सभेत उभं राहून बोला, मला राग नाही.

हा सेट आपल्याला हौसेला नको आहे. वेदगंगेत, दूधगंगेत नाहीतर हिडकलच्या पाण्यात कुणी बुडालं की ठाण्यातून पहिला फोन आपल्याच पोरांना येतो. होडी आपली, दोर आपला, गळ आपला. पोरं श्वास रोखून तळाला जातात, हातानं चाचपतात, वर येतात, पुन्हा जातात. काठावर त्या माणसाची आई बसलेली असते, त्यामुळं नाही म्हणायचं धाडस कुणाला होत नाही. शिवाय आपलं रोजचं काम आहेच. हिडकलच्या तळाला जुनी झाडं आहेत, भिंती आहेत, पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर दिसतं. तिथं जाळं अडकलं की ते सोडवायला कुणीतरी आत जातोच.

एक गोष्ट आधीच सांगतो. पुरात हा सेट चालणार नाही. २०१९ आणि २०२१ ला यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. तसल्या ओढीत टाकी बांधून उतरणं म्हणजे मरण. हा सेट थांबलेल्या पाण्यासाठी, पूर ओसरल्यावर.

आता भावाचं. परदेशात काही वस्तू स्वस्त मिळतात, हे खरं आहे. मारेस, क्रेसी इटलीच्या कंपन्या, स्कूबाप्रो, ॲक्वा लंग ही नावंही बाहेरचीच. आपल्याकडचा दुकानदारसुद्धा हाच माल आयात करून विकतो, म्हणून त्याचा भाव चढा. पण वेबसाइटवर दिसतो तो आकडा दारात पडणारा आकडा नव्हे. कुरिअरचं भाडं, कस्टम ड्युटी, वर जीएसटी, आणि पार्सल अडकलं तर ते सोडवायला कुणाला तरी कामधंदा सोडून पळावं लागतं. भाच्यानं बॅगेतून आणलं तरी ड्युटी-फ्रीची मर्यादा त्याच्या स्वतःच्या सामानासाठी असते, सोसायटीच्या खरेदीसाठी नव्हे. आणि ऑडिटला बिल कुणाच्या नावाचं दाखवायचं? हे मलाच निस्तरावं लागणार आहे.

मास्क, पायातले फिन्स, हातमोजे हे कुठूनही आणा, माझी हरकत नाही. फक्त मास्क तोंडाला लावून बघितल्याशिवाय घेऊ नये. आपल्यातल्या निम्म्यांना मिशा आहेत, तिथूनच पाणी शिरतं.

रेग्युलेटरची गोष्ट वेगळी. टाकीतली जवळजवळ २०० बारची हवा तोंडात घेता येईल इतकी हलकी करून देणारा तोच. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी तो बनवला, तेव्हापासून तत्त्व फारसं बदललेलं नाही. आत बारीक स्प्रिंगा, रबरी ओ-रिंगा, पडदा. वर्षातून एकदा तो उघडून साफ करावा लागतो, झिजलेले भाग बदलावे लागतात. तेही ज्या त्या कंपनीच्या ठरलेल्या किटमधून आणि शिकलेल्या माणसाकडूनच. आपलं पाणी मालदीवसारखं नितळ नाही. गाळात चाललेला रेग्युलेटर लवकर कुरकुरतो. परदेशातून घेतलेल्याची हमी बऱ्याचदा तिथल्याच डीलरकडे राहते. मग हा रेग्युलेटर पुढच्या वर्षी उघडणार कोण? आउटबोर्ड इंजिन घेताना आपण आधी विचारतो ना, पार्ट कोल्हापुरात मिळतात का, मिस्त्री कुठं आहे? इंजिन बंद पडलं तर वल्हं मारत येता येतं. वीस मीटर खाली रेग्युलेटर बंद पडला तर काय मारणार?

एक बारकी गोष्ट. टाकीला जोडायची तऱ्हा दोन प्रकारची असते, एक आट्याची आणि एक शिकंजाची. बाहेरून आट्याचा रेग्युलेटर आणला आणि इथली टाकी शिकंजाची निघाली, तर वरून ॲडाप्टर शोधत फिरा.

टाकी तर परदेशातून आणायचा विचारच सोडून द्या. दाबाखालच्या सिलिंडरला गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत. मंजुरी देणारं खातं नागपूरला आहे, पेसो म्हणतात त्याला. त्यांच्या परवानगीशिवाय सिलिंडर आयात करता येत नाही. शिवाय ठराविक मुदतीनं त्याची हायड्रो टेस्ट करून तारीख ठोकून घ्यावी लागते. मान्यता नसलेली टाकी चुकून हातात आलीच, तरी नियमानं वागणारा कुणी ती भरून देणार नाही. घरी शोभेला ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी.

आणि भरायचं कुठं? हा प्रश्न ग्रुपवर एकानंही विचारला नाही. हवा भरणारा श्वसनाचा कॉम्प्रेसर वेगळा असतो, त्याला गाळण्या असतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला तेवढा दाबही येत नाही आणि त्या हवेत तेलाची वाफ असते, जवळ इंजिन चालू असलं तर धूरही. वर श्वास घेताना जे कळत नाही ते खाली माणसाला बेशुद्ध करतं. सभेत कुणीतरी म्हणालं, दवाखान्यातला ऑक्सिजन भरू. भाऊ, तो तर मुळीच नको. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली गेला की विषासारखा होतो, झटके येतात. टाकीत साधी हवाच लागते, पण स्वच्छ. ती आपल्याला मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला मिळेल. बेळगावहून आंबोली उतरा नाहीतर चोर्ला, शंभरावर किलोमीटर आहेच.

हिशेब घाला. अकरा लिटरच्या टाकीत २०० बारला साधारण २,२०० लिटर हवा मावते. वर माणूस मिनिटाला वीस लिटर घेतो असं धरा. दहा मीटरवर दुप्पट लागते, वीस मीटरवर तिप्पट. पाव टाकी वर येण्यासाठी राखून ठेवायची, म्हणजे वीस मीटरवर हातात राहिली सत्तावीस मिनिटं. घाबरलेला, गाळात चाचपडणारा माणूस त्याहून जास्त ओढतो. वीस मिनिटंच धरा. एका टाकीत शोध पुरा होत नाही. तीन-चार टाक्या भरून आणाव्या लागतील, आणि रिकाम्या झाल्या की पुन्हा घाट उतरायचा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. रेग्युलेटर, हवेचं जॅकेट आणि टाक्या एकाच ठिकाणाहून घ्याव्यात, आणि ते ठिकाण असं असावं जिथं टाक्या भरून मिळतात, रेग्युलेटर उघडून दुरुस्त होतो आणि आपली पोरं शिकतात. टाक्या भाड्यानं मिळत असतील तर पहिल्या वर्षी भाड्यानंच घेऊ. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

त्याच्याही आधी शिकणं. आपली पोरं तरबेज आहेत हे मला कुणी सांगायला नको, पण भीती नेमकी त्याचीच आहे. लहानपणापासून त्यांना श्वास रोखून बुडायची सवय. टाकीची हवा घेतल्यावर श्वास रोखून वर यायचं नसतं. दहा मीटरवर भरलेली छाती वर येईपर्यंत दुप्पट फुगायला बघते आणि फुफ्फुस फाटतं. दोन मीटरवरूनही फाटू शकतं. घाबरल्यावर माणूस जुन्या सवयीवर जातो. ती सवय मोडायला पाण्यात उस्तादाबरोबर दिवस घालवावे लागतात, व्हिडिओ बघून मोडत नाही.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची स्कूबाची संस्था आहे. आपल्या राज्यात मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेटावरही डायव्हिंग चालतं. सुरुवातीचा कोर्स तीन-चार दिवसांचा, त्यात अठरा मीटरपर्यंतची परवानगी मिळते. पण तो पर्यटकांचा कोर्स. अंधाऱ्या पाण्यात दोर धरून शोधायचं कसं, हे पुढचं शिक्षण आहे आणि त्याचा खर्चही सोसायटीनं धरला पाहिजे. अजून एक, मालवणला डायव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोली चढून घरी यायचं नाही. सातशे मीटर उंची आहे, अंगातला नायट्रोजन निघायला वेळ द्यावा लागतो, रात्री तिथंच मुक्काम करायचा. आपली धरणंही समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर, त्यामुळं समुद्राचे तक्ते इथं जसेच्या तसे लावायचे नाहीत. हे उस्तादाला पहिल्या दिवशीच विचारायचं.

काही सभासद म्हणतील, एवढा खर्च सोसायटीनं का करायचा, काम सरकारचं आहे. बरोबर आहे. तहसीलदार कार्यालयाला आणि ठाण्याला आपण लेखी देऊ, पोरांना बोलावताना होडीचा खर्च आणि मजुरी ठरवून द्या म्हणून. तो अर्ज मी तयार केलाय, अध्यक्षांची सही बाकी आहे.

पुढच्या सभेत तीन ठिकाणची कोटेशनं ठेवतो, त्यात टाकी भरण्याचा आणि वार्षिक सर्व्हिसचा दर वेगळा लिहून मागवलाय. ज्यांना शिकायला जायचंय त्यांनी तोपर्यंत ऑफिसात नाव द्यावं. वय अठराच्या वर हवं. दमा, फिट्स, हृदयाचा किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरचा दाखला आणावा, लपवू नये. आणि नाव देण्याआधी घरी विचारून या.