खुर्चीतली माणुसकी

आमच्या इचलकरंजीत सत्कारांना तोटा नाही. शाल ठरलेली, श्रीफळ ठरलेले आणि भाषणातले एक वाक्यही ठरलेले : ‘साहेबांनी नोकरी इमानाने केली, आता उरलेले आयुष्य ते समाजसेवेला देणार आहेत.’ टाळ्या पडतात. मला मात्र दर वेळी विचारावेसे वाटते, मग इतकी वर्षे साहेब कोणाची सेवा करीत होते?

ह्याच वाक्यात हल्ली ज्ञानेश्वर मुळे यांनाही बसवतात. मुळे शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या अब्दुल लाटचे. 1983 साली परराष्ट्र सेवेत गेले; पुढे मालदीवमध्ये उच्चायुक्त, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत, अखेरीस दिल्लीत सचिव. 2019 मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे सदस्य. 2024 पर्यंत होते. म्हणून वक्ते सांगतात, आधी मुत्सद्दी, मग मानवसेवक. हा हिशेब मला साफ खोटा वाटतो.

आयोगाचा 1993 चा कायदा काढून पाहावा. आयोग चौकशी करतो, फार तर न्यायालयात जातो, पण सरकारला करायची ती शिफारसच. मानणे न मानणे सरकारच्या मर्जीवर.

उलट मुळे सचिव असताना त्यांच्या खात्याने पासपोर्टचे काम टपाल कचेऱ्यांत नेले. जानेवारी 2017 मध्ये म्हैसूर आणि दाहोदला आरंभ झाला. मग कोल्हापूरलाही सोय झाली. त्याआधीची गोष्ट. माझा एक विद्यार्थी, मागावर काम करणाऱ्याचा मुलगा, आखातात नोकरी ठरली म्हणून पासपोर्टासाठी पुण्याला गेला. वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकलेली, परत पाठवला. पुन्हा एस्‌.टी.चे भाडे, पुन्हा रात्र स्टँडवर, आणि बाप सोबतीला गेला म्हणून त्याचे खाडे. कागद हाती येईतो नोकरी दुसऱ्याला गेली होती. अशा पोराचा खेटा ज्याने वाचवला त्याने माणुसकीचे काम केले की कचेरीचे?

‘ते तर पगार घेऊन केले!’ असे एका व्याख्यात्याने मला सुनावले. म्हणजे फुकट केली तरच माणुसकी! मुळ्यांच्या प्रेरणेने त्यांच्या गावात चालणारे अनाथ मुलांचे बालोद्यान आम्हांला तेवढे दिसते, कारण तिथे फोटो निघतो. आणि तेही निवृत्तीची वाट पाहत थांबले नव्हते, हे कोणी सांगत नाही.

परवा इथल्याच एका अधिकाऱ्याच्या निरोप समारंभाला गेलो होतो. साहेबांनी समाजसेवेचा संकल्प सोडला. तिसऱ्या रांगेत एक विधवा बसली होती. तिच्या पेन्शनीचा कागद साहेबांच्या टेबलावर अकरा महिने पडून होता. साहेबांनी तिला ओळखले नाही. टाळ्या तिनेही वाजवल्या.