खाटेला कोड, गोळीला नाही

आयुष्मान भारत योजनेच्या 2022 च्या यादीत 1,949 उपचार आहेत. प्रत्येक उपचाराला कोड आणि प्रत्येक कोडाला ठरलेला दर. साखरेने सडलेला पाय कापायचा असेल तर त्या यादीत कोड सापडतो. तो पाय सडू नये म्हणून रोज घ्यायच्या मेटफॉर्मिनच्या गोळीला मात्र कोड नाही. कारण गोळी घरी पाण्याबरोबर घेता येते, तिच्यासाठी खाटेवर झोपावे लागत नाही. आणि आपल्या सरकारी योजनांना व विमा कंपन्यांना माणूस आजारी आहे हे खाटेवर दिसल्याशिवाय पटत नाही.

मराठीत कोड म्हणजे लाडही. या व्यवस्थेत खाटेचे कोडकौतुक चालते, एवढेच म्हणता येईल.

समजा, मालेगावचा एक यंत्रमाग कामगार आहे. छातीत कळ आली, आयुष्मान कार्डावर अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. खिशातून पैसा गेला नाही. इथपर्यंत योजनेला सलामच केला पाहिजे. दहा वर्षांपूर्वी याच घराने दागिने विकले असते. पण योजनेत डिस्चार्जनंतरची औषधे 15 दिवसांपुरती धरलेली आहेत. स्टेंट बसलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सहसा सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागतात. शिवाय कोलेस्टेरॉलची, बीपीची गोळी कायमची. मधेच बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका. सोळाव्या दिवशी तो मेडिकलवर उभा राहतो आणि आठवड्याच्या मजुरीत किराणा आधी की गोळ्या, हा हिशेब करतो. चार दिवस घेतो, चार दिवस सोडतो. बायकोला सांगतो, आता बरं वाटतंय. पुन्हा ॲटॅक आला की योजना पुन्हा जागी होते, कारण आता पुन्हा कोड आहे!

ज्यांनी स्वतः हप्ता भरून खाजगी विमा घेतला, त्यांचीही गत फार वेगळी नाही. पॉलिसीतली ‘हॉस्पिटलायझेशन’ची व्याख्या म्हणजे सलग किमान 24 तासांची भरती; ठरावीक डे-केअर उपचार तेवढे वगळून. 2020 पासून आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत भरतीआधीचे 30 आणि नंतरचे 60 दिवस धरतात. म्हणजे औषधाचे बिल चालते, पण त्याला भरतीचे बोट धरून यावे लागते. विमा नियामकाने न मिळणाऱ्या खर्चांनाही कोड दिले आहेत. त्यातला ‘एक्सक्लूजन 14’ वाचण्यासारखा आहे. चिठ्ठीशिवाय मिळणारी व्हिटॅमिन, खनिजे वगैरे मिळणार नाहीत. मात्र भरती किंवा डे-केअरच्या क्लेमचा भाग म्हणून डॉक्टरांनी लिहिली असतील तर मिळतील. तीच कॅल्शियमची गोळी. खाटेवर गिळली तर औषध, स्वयंपाकघरात गिळली तर चैन.

यातून जे व्हायचे तेच होते. ‘एक रात्र राहा, क्लेम बसवून देतो’ हे वाक्य शहरातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय घराने ऐकलेले आहे. गोळीने भागणाऱ्या तापाला सलाईन लागते, कारण नुसत्या गोळ्या दिल्या तर ‘हे ओपीडीवर भागले असते’ म्हणून क्लेम परत येतो. हजार रुपयांचे औषध वाचवण्यासाठी वीस हजारांचे बिल तयार होते. याला रुग्णाची लबाडी म्हणणारे बरेच आहेत. मी तिला नियमाची लबाडी म्हणतो.

ओपीडीची औषधे क्लेममध्ये घेतली तर खोट्या बिलांचा पूर येईल, हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. बरं, खाटेवर कुठे सचोटी नांदते? 2023 च्या कॅग अहवालाप्रमाणे आयुष्मान योजनेत आधीच मृत दाखवलेल्या 3,446 रुग्णांच्या उपचारापोटी 6.97 कोटी रुपये दिले गेले. त्यावर कुणी ‘भरतीच बंद करा’ म्हटले नाही, आणि म्हणायलाही नको. चोरी पकडायची असते, रुग्णाचा हक्क नव्हे.

दुसरा युक्तिवाद, हे राबवणे अशक्य आहे. तो करणाऱ्यांनी आधी आपल्या खिशातले सीजीएचएस कार्ड काढून टेबलावर ठेवावे. केंद्र सरकारचे कर्मचारी, पेन्शनर आणि खासदारांसाठी असलेल्या या योजनेत दवाखान्यातून बीपी-शुगरची रोजची औषधे मिळतात, आणि हे 1954 पासून चालू आहे. 1948 च्या कायद्याने आलेल्या ईएसआयसीतही कामगाराला ओपीडीची औषधे आहेत. फक्त कारखान्यात किमान दहा माणसे हवीत आणि पगार 21,000 च्या आत. मालेगाव-भिवंडीच्या गाळ्यांत माग वेगवेगळ्या नावांवर वाटलेले असतात, त्यामुळे कागदावर ही दहा माणसे कधी जमत नाहीत. तो वेगळा विषय, पण विसरण्यासारखा नाही. आपल्याच महात्मा फुले योजनेच्या जुन्या यादीत 121 फॉलो-अप पॅकेजे होती, उपचारानंतरच्या औषधपाण्यासाठी. अट एकच, आधी योजनेतला उपचार हवा. विमा नियामकाने 2019 मध्ये तोंडाने घ्यायच्या केमोथेरपीला नवीन उपचारांत बसवले आणि कंपन्यांना ती नाकारता येणार नाही असे सांगितले; मर्यादा घालता येईल, एवढी सूट दिली. म्हणजे मनात आले की गोळीलाही क्लेममध्ये जागा करता येते.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे खरे. केसपेपर फुकट मिळतो. पण औषध नसले की ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी मिळते, आणि त्या चिठ्ठीचे बिल कुठल्याच योजनेत लावता येत नाही. देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला 39.4 टक्के वाटा 2021-22 मध्ये लोकांनी थेट खिशातून भरला. त्याचा मोठा भाग औषधांचा असतो.

सुरुवात सगळ्या औषधांनी करा, असे कुणी म्हणत नाही. साखर, बीपी, स्टेंटनंतरच्या गोळ्या, फिट्स, दमा. यांची जेनेरिक औषधे, ठरलेल्या दराने, जन औषधी दुकानात कार्ड दाखवून. आत्ता भरतीच्या वेळी जे कार्ड चालते तेच. मोहल्ल्यात आयुष्मान कार्डाचे शिबिर लागले की खासदारसाहेब फोटोसाठी येतातच. फोटो काढून झाला की त्यांना विचारा, सोळाव्या दिवसाची गोळी कुठल्या कोडात बसते?