मुलीच्या जागी यंत्र?

आजारी मुलीच्या चालण्या-बोलण्याची, हसण्या-रुसण्याची हुबेहूब नक्कल करणारे यंत्र मिळाले, तर आई काय करील? नोबेलविजेते इंग्रजी कादंबरीकार काझुओ इशिगुरो यांच्या 'क्लारा अँड द सन'मधील (२०२१) आई, जोसी दगावलीच तर तिच्या जागी क्लारा या यंत्रमैत्रिणीला बसवायची तयारी करते. थोरली मुलगी तिने आधीच गमावलेली. तिला दोष देववत नाही. मुलीच्या अंतरंगात यंत्राला न साधण्याजोगे काहीच नाही, अशी ग्वाही देणारा तज्ज्ञ मात्र आम्हाला खुपतो. जोसी बरी होते, पेच टळतो. तज्ज्ञाला उत्तर पुढे क्लाराच देते : जोसीचे वेगळेपण जोसीत नव्हतेच, तिच्यावर माया करणाऱ्यांत होते. हे ती उमजते तेव्हा जोसी कॉलेजला गेलेली असते आणि क्लारा भंगाराच्या आवारात.